पाळणाघराचा कॅमेरा आणि ऑफिसातली बंद साइट

पत्र: ऐरोलीच्या एका कंपनीत मी विम्याच्या क्लेमचं काम करते. प्रोसेस अमेरिकेतल्या क्लायंटची आहे, म्हणून फ्लोअरवर जाताना फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. माझी मुलगी अडीच वर्षांची आहे, कळव्याला पाळणाघरात असते. जूनमध्ये तिथे तिला ताप चढून झटका आला. पाळणाघरातल्या काकूंनी मला अकरा फोन केले. मला कळलं ते जेवणाच्या सुट्टीत लॉकर उघडल्यावर. तेव्हापासून कामात लक्ष लागेना. पाळणाघराच्या साइटवर कॅमेरा दिसतो, पण ऑफिसात ती साइट बंद आहे. शेजारच्या सहकाऱ्याने एक प्रॉक्सी साइट दाखवली. तिच्यात पत्ता टाकला की सगळं उघडतं. तीन महिने झाले, दिवसातून पाच-सहा वेळा मी मुलीला बघते. त्याच साइटवरून जीमेलही उघडला, दोनदा बँकेचा बॅलन्स पाहिला. दर वेळी हिस्ट्री पुसते. मागच्या आठवड्यात आयटीतला मुलगा येऊन म्हणाला, “मॅडम, तुमच्या मशिनवरून काही वेगळं उघडतंय का?” मी नाही म्हणाले. त्या रात्रीपासून झोप नाही. सहकारी म्हणतो, ती साइट सोड, दुसरी देतो, नाहीतर व्हीपीएन (मशिनचं सगळं इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमधून नेणारं सॉफ्टवेअर) टाक. मी पकडली जाईन का? हा गुन्हा आहे का? मी करू तरी काय? — एक आई, कळवा

ताई,

तुमच्या पत्रातले ते अकरा फोन माझ्या डोक्यातून जात नाहीत. लेकरू तापाने फणफणलंय, काकू घाबऱ्याघुबऱ्या होऊन नंबर फिरवतायत, आणि आईचा फोन लोखंडी कप्प्यात थरथरतोय. त्यानंतर तुम्ही जे केलंत ते कुठल्याही आईने केलं असतं. पत्रभर तुम्ही स्वतःला गुन्हेगार ठरवत आलायत, ते आधी थांबवा. आपलं मूल बरं आहे ना, हे दिवसातून पाच वेळा बघावंसं वाटणं यात काडीचंही गैर नाही.

पण ज्या वाटेने तुम्ही बघताय ती वाट आजच्या आज बंद करा. नोकरीची भीती आहेच, तिच्याबद्दल पुढे लिहिते. माझ्या मते त्याच्याही आधीचं कारण तुमची मुलगी आहे.

लिहिण्याकडे वळण्याआधी मी काही वर्षं एका कंपनीच्या नेटवर्क विभागात होते. तुमच्या टेबलापाशी आला तो मुलगा ज्या खुर्चीतून उठून आला, तसल्याच खुर्चीत मी बसायचे. त्यामुळे तुम्ही ती प्रॉक्सी साइट उघडता तेव्हा नेमकं काय होतं ते सांगू शकते.

गावाकडे पूर्वी ज्यांना लिहिता-वाचता येत नसे, ती माणसं पोस्टमनकडून पत्र वाचून घेत आणि उत्तरही त्याच्याच हातून लिहवून घेत. मुंबईच्या मुलाने किती पैसे पाठवले, सुनेला दिवस गेलेत की नाही, जमिनीचा वाद कुठवर आला, सगळं त्या पोस्टमनला ठाऊक असे. प्रॉक्सी साइट अगदी हेच काम करते. तुम्ही तिच्या चौकटीत पाळणाघराचा पत्ता टाइप करता. तिचा सर्व्हर, जगात कुठे असेल तिथून, पाळणाघराच्या साइटवर जातो, पान उघडतो, वाचतो, त्यातल्या सगळ्या लिंका स्वतःच्या नावाने बदलतो आणि मग ते पान तुमच्या पडद्यावर ठेवतो. तुम्ही युजरनेम आणि पासवर्ड टाकता तो थेट पाळणाघराला जात नाही. तो आधी त्या मधल्या माणसाच्या हातात पडतो आणि तो पुढे पोचवतो. फरक एवढाच की पोस्टमन गावातला होता. त्याचं घर माहीत होतं, त्याची आई माहीत होती. या साइटच्या मालकाबद्दल तुम्हाला काय माहीत आहे? सर्व्हरचं भाडं, विजेचं बिल आणि हजारो लोकांनी बघितलेल्या व्हिडिओचा खर्च तो तीन महिने कशासाठी सोसतोय?

तुम्ही म्हणाल, वर कुलपाचं चिन्ह दिसत होतं. दिसणारच. ते कुलूप तुमच्या मशिनपासून त्या प्रॉक्सी साइटपर्यंतचं आहे. वाटेत तिसऱ्या कुणाला डोकावता येणार नाही एवढीच त्याची हमी. प्रॉक्सीच्या सर्व्हरवर ते कुलूप उघडतं, आत सगळं साध्या अक्षरांत वाचता येतं, आणि तिथून पाळणाघरापर्यंत दुसरं कुलूप लागतं. पुढच्या वेळी कुठलंही पान उघडताना कुलूप बघू नका, त्याच्या शेजारचं नाव वाचा. तुम्ही जीमेल उघडलात तेव्हा पान जीमेलचं होतं, रंग जीमेलचे होते, पण वरच्या पट्टीतलं नाव गूगलचं नव्हतं. बँकेच्या वेळीही नव्हतं.

सगळेच प्रॉक्सीवाले चोर असतात असं मी म्हणत नाही. काही जण जाहिरातींवर पैसे कमावतात आणि तेवढ्यावर थांबतात. पण कोण थांबलं आणि कोण नाही, हे तुम्हाला आणि मला बाहेरून कळायचा मार्ग नाही. म्हणून सगळं त्याच्या हाती पडलंय असंच धरून पुढचं करायचं.

आता कॅमेऱ्याबद्दल, कारण माझा जीव खरा तिथे अडकलाय. त्या कॅमेऱ्यात तुमची एकटी मुलगी दिसत नाही. दुपारी गादीवर ओळीने झोपलेली सगळी लेकरं दिसतात. कपडे बदलताना दिसतात, शी-शूला नेताना दिसतात. कोण केव्हा न्यायला येतं तेही दिसतं. त्या खोलीचा पासवर्ड गेले तीन महिने एका अनोळखी माणसाच्या सर्व्हरवरून ये-जा करत होता. हे वाचून तुमच्या पोटात गोळा येईल, तो मला आणायचा नव्हता. पण ही गोष्ट आता फक्त तुमची राहिलेली नाही, म्हणून लिहावंच लागलं. बाकीच्या आयांना यातलं काहीच माहीत नाही. पाळणाघराच्या काकूंना तुम्ही सांगितलंच पाहिजे. लाज वाटेल. तरी सांगा.

त्यांना सांगताना दोन गोष्टी विचारा. सगळ्या पालकांना एकच पासवर्ड दिलाय की प्रत्येकाला वेगळा? बऱ्याच ठिकाणी एकच असतो, व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेला, आणि मूल शाळेत जायला लागलं तरी जुन्या पालकांकडे तसाच राहतो. तसं असेल तर तो सगळ्यांसाठी बदलायला हवा आणि पुढे प्रत्येकाचा वेगळा हवा. दुसरं म्हणजे कॅमेऱ्याच्या डब्यासोबत आलेला मूळचा पासवर्ड बदललाय का? कॅमेरा बसवणारा माणूस आपलं काम उरकून जातो आणि तो पासवर्ड तसाच राहतो, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी किती तरी ठिकाणी पाहिलंय. त्याच माणसाला परत बोलवून दोन्ही कामं करून घ्यायला सांगा.

तुमच्या स्वतःच्या खात्यांचं आज रात्रीच करा, आणि करताना ऑफिसचं मशिन अजिबात नको. स्वतःचा फोन, स्वतःचा डेटा. आधी जीमेल, कारण बाकी सगळ्या खात्यांच्या किल्ल्या त्यात असतात. कुठल्याही साइटचा पासवर्ड विसरला की नवा कुठे येतो? मेलवर. जीमेलचा पासवर्ड बदला, पण तेवढ्याने भागत नाही. एकदा लॉगिन झालं की साइट ब्राउझरला एक खुणेची चिठ्ठी देते, कुकी म्हणतात ती. पुढच्या वेळी ती चिठ्ठी दाखवली की पासवर्ड न विचारता आत घेतलं जातं. तुमच्या बाबतीत ती चिठ्ठीही मधल्या माणसाच्या हातातून गेली. म्हणून गूगल खात्याच्या ‘सुरक्षा’ विभागात जाऊन ‘तुमची डिव्हाइस’ उघडा आणि ओळखीचं नाही ते प्रत्येक डिव्हाइस साइन आउट करा. तिथेच दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. मग घरच्या कॉम्प्युटरवरून, नसेल तर फोनच्या ब्राउझरमध्ये डेस्कटॉप साइट लावून, जीमेलच्या सेटिंग्जमध्ये ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर’ ही दोन पानं बघा. मेलमध्ये शिरलेला माणूस अनेकदा तिथे गुपचूप एक नियम टाकून जातो, की बँकेकडून आलेला मेल दुसऱ्या पत्त्यावर पाठव आणि इथून पुसून टाक. पासवर्ड बदलला तरी तो नियम चालूच राहतो. तुम्ही न टाकलेलं काही दिसलं तर काढून टाका.

बँकेचा पासवर्ड बदला, लाभार्थ्यांच्या यादीत अनोळखी नाव आहे का ते पाहा आणि तीन महिन्यांचं स्टेटमेंट एकदा ओळीने वाचा. काही सापडलं तर सकाळ व्हायची वाट बघू नका. बँकेला कळवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. अशा बाबतीत किती लवकर कळवलं यावर पुष्कळ काही ठरतं. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या स्वतःच्या चुकीमुळे पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. बहुतेक काही सापडणार नाही. पण बघितल्याशिवाय झोपू नका.

आता ऑफिस. पकडली जाईन का, असं विचारलंत. ताई, माझ्या अनुभवावरून सांगते, त्यांना कळलेलं आहे. नाही तर तो मुलगा तुमच्याच टेबलापाशी का यावा?

तुम्ही दर वेळी हिस्ट्री पुसत होतात. हिस्ट्री तुमच्या ब्राउझरमधली, तुमच्या मशिनवरची. फायरवॉलची, म्हणजे कंपनीच्या इंटरनेटच्या दारावर पहारा देणाऱ्या यंत्रणेची, नोंद दुसरीकडे, सर्व्हर रूममध्ये असते आणि तिला तुम्ही हातही लावू शकत नाही. ती कशी दिसते ते सांगते. एका ओळीत तारीख आणि सेकंदापर्यंतची वेळ. मग तुमचा एम्प्लॉयी आयडी, मशिनचा नंबर, ज्या साइटवर गेलात तिचं नाव, ती कुठल्या वर्गात मोडते तो शब्द, जाऊ दिलं की अडवलं, आणि किती डेटा आला-गेला. बस. दिवसाला अशा लाखो ओळी जमतात आणि कुणी बसून त्या वाचत नाही. यंत्रच त्यातून रिपोर्ट काढतं. साइटच्या वर्गांत ‘जुगार’, ‘स्ट्रीमिंग व्हिडिओ’ असतात तसा एक वर्ग ‘प्रॉक्सी’ नावाचाच असतो. नव्या प्रॉक्सी साइटी रोज निघतात, त्यामुळे काही दिवस त्या यादीतून सुटतात. तुमची साइट अशीच सुटलेली असणार. मग फिल्टर बनवणाऱ्या कंपनीला तिचा पत्ता लागतो, वर्ग बदलतो, आणि कोण कोण तिथे जाऊन आलं ते एका रिपोर्टमध्ये येतं. त्यात बाकीच्यांच्या नावापुढे दोन-चार भेटी असतात आणि एका नावापुढे तीन महिने, रोज पाच-सहा वेळा, व्हिडिओएवढा डेटा. ते नाव लपत नाही.

शिवाय मशिन कंपनीचं असेल तर तिने त्यात स्वतःचं सर्टिफिकेट, म्हणजे डिजिटल ओळखपत्र, टाकून ठेवलेलं असू शकतं. मग पानातला मजकूरही कंपनीच्या फायरवॉलला वाचता येतो. इनकॉग्निटो खिडकीने यात काहीही फरक पडत नाही. आणि या नोंदी महिन्याभरात पुसल्या जातील या आशेवरही राहू नका. ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार कंपन्यांनी आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपायच्या असतात. तुमचे तीन महिने त्यात आरामात मावतात.

गुन्हा आहे का? माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ परवानगीशिवाय कॉम्प्युटर यंत्रणेत शिरण्याबद्दल आणि तिचं नुकसान करण्याबद्दल आहे. असलंच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा फसवण्याच्या हेतूने केलं तर कलम ६६ लागतं, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मी वकील नाही, पण स्वतःच्या मुलीचा कॅमेरा बघणारी आई आणि ही कलमं यांत मला पुष्कळ अंतर दिसतं. पोलीस दारात येतील ही भीती मनातून काढा. मात्र रुजू होताना तुम्ही कागदांचा जो गठ्ठा सही करून दिलात, त्यात इंटरनेट वापराचे नियम असणार, आणि प्रॉक्सी वापरणं हा त्या नियमांचा भंग आहे. ती शिस्तीची बाब आहे. ताकीद मिळू शकते, लेखी नोटीस येऊ शकते, आणि क्लायंट कडक असेल तर त्याहून जास्तही होऊ शकतं. हे मी झाकून ठेवत नाही.

क्लायंट इतके कडक का, यावर थोडं लिहिते, कारण लॉकरचा राग तुमच्या पत्रात जागोजागी दिसतो आणि तो मला समजतो. २००५ साली पुण्यातल्या एका बीपीओच्या आजी-माजी कर्मचाऱ्यांनी सिटीबँकेच्या न्यूयॉर्कमधल्या खातेदारांकडून फोनवर बोलता बोलता पिन काढून घेतले आणि साडेतीन लाख डॉलरच्या आसपास रक्कम पुण्यातल्या बनावट नावांच्या खात्यांत वळवली. हे प्रकरण जगभर गाजलं. भारतात काम पाठवावं की नाही, यावर तिकडे चर्चा झाल्या. फोन बाहेर, कागद-पेन बाहेर, दारात झडती, ही तुम्हाला जाच वाटणारी शिस्त त्याच सुमारास आपल्याकडच्या फ्लोअरवर घट्ट होत गेली. तुमच्या पडद्यावर कुणाचा तरी आजार, कुणाचा तरी जन्मदिनांक, कुणाचा तरी बँक खाते क्रमांक असतो. आणि त्याच मशिनवर शेजारच्या टॅबमध्ये एका अनोळखी माणसाचं पान उघडं होतं. ते पान व्हिडिओबरोबर स्वतःचा कोडही तुमच्या ब्राउझरमध्ये चालवत असतं. आयटीवाल्यांचा जीव यासाठी वरखाली होतो. तुमच्या मुलीशी त्यांचं वैर नाही. पाळणाघराची साइटसुद्धा ‘स्ट्रीमिंग व्हिडिओ’ या वर्गात पडली म्हणूनच बंद झालेली असणार. कुणी बसून ठरवलेलं नाही की आयांनी मुलांना बघू नये.

पण म्हणून कंपनीचं सगळं बरोबर, असंही मी म्हणणार नाही. फोन काढून घेताय तर तातडीच्या वेळी माणसापर्यंत निरोप कसा पोचेल याची सोय करणं हे कंपनीचंच काम होतं, आणि जूनमध्ये त्यात कंपनी कमी पडली. हे त्यांच्यासमोर मांडायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. खरं सांगायचं तर तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मला हेच वाटलं, की फोनबद्दल जेवणाच्या सुट्टीत कळलं. जरा विचार करा. त्या दिवशी तुमच्यापाशी कॅमेरा असता तरी काय झालं असतं? झटका आला त्या मिनिटाला तुमच्या पडद्यावर क्लेमचा फॉर्म असता, कॅमेऱ्याचा टॅब मागे असता. कॅमेरा आपल्याला हाक मारत नाही. तुम्हाला हवी आहे ती काकूंची हाक तुमच्या खुर्चीपर्यंत पोचायची सोय.

आणि ती मिळवणं तुम्हाला वाटतं तेवढं अवघड नाही. फ्लोअरवर टीएलच्या, म्हणजे टीम लीडरच्या, टेबलावर कंपनीचा फोन असतो, गेटवर सिक्युरिटीचा असतो, एचआरचा असतो. यातले दोन नंबर आणि तुमचा एम्प्लॉयी आयडी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून काकूंच्या फोनशेजारच्या भिंतीवर चिकटवा. त्यात तुमच्या प्रोसेसचं आणि मजल्याचं नाव लिहा, नाही तर गेटवरचा माणूस ‘कोण मॅडम?’ म्हणून दहा मिनिटं घालवेल. घरातलं किंवा शेजारचं असं एक माणूस ठरवा जे दहा मिनिटांत पाळणाघरात पोचू शकेल, आणि तुमचा फोन लागला नाही तर काकूंनी त्याच क्षणी त्याला फोन करायचा हे पक्कं करा. मुलीच्या डॉक्टरांचा नंबर आणि झटका आला तर काय करायचं ते डॉक्टरांच्याच हातचं लिहून घेऊन तिथेच लावा. मग एके दिवशी दुपारी काकूंना खोटा फोन करायला सांगा. निरोप तुमच्यापर्यंत किती मिनिटांत येतो ते मोजा. हे जरूर करा, कारण असल्या व्यवस्था कागदावर चांगल्या दिसतात आणि नेमक्या वेळी नंबर बदललेला निघतो.

आणखी एक गोष्ट, जी तुमच्या कंपनीने रुजू होतानाच तुम्हाला लिहून द्यायला हवी होती. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली. ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने ठरावीक अंतरात पाळणाघराची सोय केली पाहिजे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन मुलाला भेटू दिलं पाहिजे, असं त्यात आलं. तिच्या विश्रांतीची वेळ या चार भेटींतच धरलेली आहे. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे, आणि तिच्यातही ही तरतूद घेतलेली आहे. पाळणाघर स्वतःच्याच इमारतीत हवं असं नाही, आसपासच्या कंपन्यांनी मिळून सामाईक सोय केली तरी चालते. ऐरोलीला एकेका आवारात किती कंपन्या आहेत हे तुम्हीच रोज बघता. तुमच्या कंपनीचं कुठल्या पाळणाघराशी ठरलंय का, हे तुम्ही एचआरला कधी विचारलंत का? पुष्कळ बायकांनी विचारलेलं नसतं, कारण अशी काही तरतूद आहे हेच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. दिवसातून पाच-सहा वेळा चोरून बघत होतात. चार वेळा राजरोस जाऊन तिला कडेवर घेता येणार असेल तर ते आधी विचारून घ्या.

आता सगळ्यात अवघड भाग. आयटीच्या मुलाला तुम्ही ‘नाही’ म्हणालात. ते परत घ्यावं लागेल, आणि बोलावणं येण्याआधी. मी नोकरीत असताना एका मुलाची चौकशी माझ्यासमोर झाली. त्याचं वापरणं तुमच्याहून कितीतरी किरकोळ होतं, क्रिकेटचा स्कोअर बघायचा. पण दोनदा विचारल्यावर दोन्ही वेळा तो ठामपणे नाही म्हणाला, आणि मग ओळी छापून त्याच्यासमोर ठेवल्या गेल्या. त्यानंतर त्या खोलीत स्कोअरबद्दल कुणी बोलेना, खोटेपणाबद्दलच बोलणं चाललं. त्याची नोकरी गेली. मी त्याच्या जागी ताकीद सुचवली होती. कुणी ऐकलं नाही. तो दिवस मला अजून बोचतो, म्हणून तुम्हाला इतक्या कळकळीने सांगतेय.

आधी टीएलशी बोला, शिफ्ट सुरू होण्याआधी, एकट्याने. आयटीच्या मुलालाही त्याच दिवशी सांगा, ‘त्या दिवशी मी घाबरून नाही म्हणाले’. मग त्याच दिवशी एचआरला मेल टाका, म्हणजे बोललेलं कागदावर येईल. मेल लांब नको. साधारण असं लिहा: जूनमध्ये माझ्या मुलीला पाळणाघरात झटका आला, फोन लॉकरमध्ये असल्याने मला वेळेत कळलं नाही. त्या भीतीपोटी मी ऑफिसच्या मशिनवरून एका प्रॉक्सी साइटवरून पाळणाघराचा कॅमेरा आणि माझी वैयक्तिक खाती उघडली. हे नियमाविरुद्ध होतं. आयटीने विचारलं तेव्हा मी घाबरून नाकारलं, तीही चूक होती. वापर बंद केला आहे, पासवर्ड बदलले आहेत, माझं मशिन तपासून घ्यावं. तातडीच्या निरोपासाठी फ्लोअरचा नंबर पाळणाघराला देण्याची परवानगी मिळावी, पाळणाघराच्या सोयीबद्दल माहिती मिळावी, आणि ब्रेकच्या जागेतल्या एखाद्या मशिनवर पाळणाघराची साइट सुरू करता येईल का हे कळावं. क्लायंटचा कुठलाही डेटा त्या साइटवर टाकलेला नाही, हे वाक्यही घाला, पण ते खरं असेल तरच.

सहकाऱ्याचं नाव त्यात नको. साइट त्याने दाखवली असली तरी उघडली तुम्ही. पण त्याला आधी एकदा सांगा की तुम्ही मेल टाकताय. त्यालाही आपले पासवर्ड बदलायला वेळ मिळू दे.

मेलनंतर कारणे दाखवा नोटीस आली तर हात-पाय गाळू नका. नोटीस येणं म्हणजे नोकरी जाणं नव्हे. दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्या, प्रत स्वतःकडे ठेवा. ‘आत्ताच्या आत्ता राजीनामा लिही, नाही तर काढून टाकू’ असं कुणी खोलीत बसवून म्हणालं तर त्या खोलीत काहीही लिहू नका. ‘मला घरी विचारून उद्या उत्तर द्यायचंय’ एवढंच म्हणा आणि उठा. मग एखाद्या कामगार वकिलाला गाठा.

सहकारी देतोय ती दुसरी साइट नको. व्हीपीएनही नको. कंपनीच्या मशिनवर स्वतःहून तो टाकणं हा पहिल्याहून मोठा नियमभंग होईल, कारण साइट नुसती उघडली जाते आणि व्हीपीएन मशिनमध्ये घर करतो. फुकटच्या व्हीपीएनचं म्हणाल तर २०१५ साली ‘होला’चं प्रकरण बाहेर आलं तेवढं आठवा. लाखो लोक तो फुकट वापरत होते, आणि त्यांच्याच इंटरनेट जोडणीतून दुसऱ्यांची वाहतूक पाठवण्याची सेवा ती कंपनी पैसे घेऊन विकत होती. एका साइटवरचा हल्लासुद्धा त्याच जोडण्यांमधून झाला. ज्यांच्या घरांतून तो झाला त्यांना पत्ताही नव्हता. तुमच्या ऑफिसच्या जोडणीतून असं काही झालं, तर ‘मी मुलीला बघत होते’ हे कुणाला पटवणार?

आज शिफ्ट सुटल्यावर ऐरोलीला गाडीत बसायला जागा मिळाली तर जीमेलचा पासवर्ड तिथेच बदला, दिघा गाव गेलं की ठाणं यायच्या आत होऊन जाईल. बँकेचं घरी, मुलगी झोपल्यावर, निवांत. आणि उद्या सकाळी तिला सोडायला जाल तेव्हा काकूंच्या दारात पाच मिनिटं जास्त थांबा. नंबर लिहिलेला कागद आणि चिकटपट्टी बरोबर न्या. कॅमेऱ्याचं आधी सांगा, मग कागद भिंतीवर लावा.